विमानाच्या पॉईंटसाठी पहिलं क्रेडिट कार्ड: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेडला राहते, शाळेत शिकवते. लेक बेंगळुरूला नोकरीला असल्यामुळे वर्षातून दोन-तीनदा विमानाने जाणं-येणं होतं, आणि त्यातली काही तिकिटं क्रेडिट कार्डाने खर्च केल्यावर मिळणाऱ्या पॉईंटवर निघतात. हे कळल्यापासून स्टाफरूममध्ये, नात्यात, लग्नकार्यात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

"मॅडम, पॉईंट फुकट मिळायलेत म्हणे. मग कार्ड घ्यायला काय जातंय?"

फुकट काही नसतं, पैसे कुणीतरी भरतच असतं. तुम्ही कार्ड घासलं की दुकानदाराकडून बँकेकडे दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम जाते. शिवाय वार्षिक फी असते. आणि सगळ्यात मोठा वाटा येतो तो ज्यांना बिल पूर्ण भरता येत नाही त्यांच्या व्याजातून. त्या तिसऱ्या रांगेत मी स्वतः उभी राहिलेय, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

२०१६ साली आमच्या स्टाफरूममध्ये एका बँकेची दोन मुलं फॉर्म घेऊन आली होती. "पाच टक्के भरलं तरी चालतं, मॅडम," असं त्यांनी सांगितलं. त्याच उन्हाळ्यात नणंदेचं लग्न होतं. साड्या, भांडी, आहेर मिळून ४२,००० रुपये कार्डावर गेले. बिल आलं तेव्हा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत ठळक छापलं होतं: किमान देय रक्कम २,१०० रुपये. पूर्ण रक्कम त्याच्याच शेजारी होती, पण नजर चौकटीवर गेली. मी २,१०० भरले आणि निर्धास्त झाले. पुढच्या महिन्यातही तेवढेच भरले, आणि त्यातले दीड हजाराच्या वर नुसत्या व्याजात आणि करात गेले. मुद्दल जागच्या जागी. चौथ्या महिन्यात यांनी भिशीचे पैसे आणून दिले तेव्हा ते मिटलं. त्या सगळ्या खरेदीवर मिळालेले पॉईंट होते ८४०.

मग कार्ड कुणी घेऊच नये का?

दर महिन्याला बिलाची पूर्ण रक्कम भरू शकणाऱ्याने घ्यावं. बाकीच्यांनी पॉईंटच्या नादी लागू नये, हे मी अगदी जवळच्या माणसालाही स्पष्ट सांगते.

आपल्याकडे याला एक वेगळं कारण आहे. शेतीवर किंवा मोंढ्यावर घर चालत असेल तर पैसा येतो सुगीला. सोयाबीन, कापूस दिवाळीच्या आगेमागे विकला जातो, तूर-हरभरा त्यानंतर. कार्डाचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येतं, त्याला आडतीवरची उधारी समजत नाही. आडत्याला "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणता येतं, इथे म्हणता येत नाही. व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बिल अर्धवट भरलं की खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत संपते, आणि मग नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. "उरलेल्या रकमेवरच लागेल" असं धरून चालू नका.

आमच्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे. त्यावर पॉईंट मिळतात का?

नाही. नाव सारखं असलं तरी ते पीककर्ज आहे. १९९८ पासून चालू असलेली ही योजना आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं तर तीन टक्के सवलतीनंतर व्याज चार टक्क्यांवर येतं. खत-बियाण्याचा खर्च तिथूनच करा. चार टक्क्यांचा खर्च चाळीस टक्क्यांच्या कार्डावर टाकून पॉईंट कमावण्यात शहाणपण नाही.

कोणत्या विमान कंपनीचे पॉईंट साठवावेत?

आधी विमानतळ ठरवा. तुम्ही खरोखर कुठून उडता? छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडची माणसं चिकलठाण्याहून किंवा थेट मुंबई-पुण्याहून जातात. लातूर, धाराशिवकरांना पुणे किंवा हैदराबाद. नांदेड, हिंगोली, परभणीची बरीच माणसं हैदराबाद गाठतात. नांदेडहून ते पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गेल्या दोन वर्षांत घरातल्या सगळ्यांनी कुठून कुठे विमानप्रवास केला, ते कागदावर लिहून काढा. त्या यादीत ज्या कंपनीचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल, तिथून विचार सुरू करा. बहुतेकांच्या यादीत इंडिगो वर येते, कारण देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त तिच्याच विमानांनी जातात. तिची पॉईंटची योजना म्हणजे ब्लूचिप, ती २०२४ मध्ये आली. एअर इंडियाची योजना जुनी आहे. आधी तिचं नाव फ्लाइंग रिटर्न्स होतं, २०२५ मध्ये महाराजा क्लब झालं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे मुलं जर्मनीला किंवा अमेरिकेला असतील तर तिचे पॉईंट जोडीदार कंपन्यांच्या विमानांवरही वापरता येतात.

घराजवळच्या विमानतळावर फार विसंबू नका, हे नांदेडकर म्हणून सांगते. २७ एप्रिल २०१७ ला छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड–हैदराबादचं विमान होतं. आम्हाला कोण आनंद झाला होता! ट्रूजेटचं ते विमान. २०२२ मध्ये ती कंपनीच उडायची थांबली. त्याआधी १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली. तिचे पॉईंट सांभाळणारी कंपनी वेगळी असल्यामुळे लोकांना ते हॉटेलवर, वस्तूंवर वापरता आले, पण ज्या विमानासाठी साठवले होते ते विमान राहिलं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉईंट एअर इंडियाकडे गेले, म्हणजे बुडाले नाहीत, पण तिकिटांचे दर आणि नियम बदलले.

म्हणून माझा नियम असा: पॉईंट दोन वर्षांच्या आत वापरायचे. सोनं तिजोरीत ठेवलं तर वाढतं. पॉईंट ठेवले तर त्यांची किंमत उतरत जाते आणि शेवटी मुदत संपते.

विमान कंपनीचं कार्ड घ्यावं, बँकेच्या पॉईंटचं, की सरळ कॅशबॅकचं?

विमान कंपनीच्या नावाचं कार्ड असेल तर पॉईंट थेट त्याच कंपनीच्या खात्यात जमा होतात. वर्षातून तीन-चार वेळा त्याच कंपनीने जात असाल तर हे सोयीचं. बँकेच्या पॉईंटच्या कार्डात पॉईंट आधी बँकेकडे साठतात, आणि हवे तेव्हा दोन-चार विमान कंपन्यांपैकी एकीकडे वळवता येतात. मराठवाड्यातल्या माणसाला मला हा दुसरा प्रकार जास्त बरा वाटतो. आपला विमानतळ ठरलेला नसतो, कंपनीही ठरलेली नसते. मात्र वळवताना गुणोत्तर बघा. काही ठिकाणी बँकेच्या दोन पॉईंटचा विमानाचा एकच होतो. एकदा वळवलेले पॉईंट परत येत नाहीत, म्हणून विमानात पॉईंटवरची जागा आहे हे आधी बघून मगच वळवायचे.

वर्षातून एकदाच किंवा दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्याने कॅशबॅकचं कार्ड घ्यावं. मिळालेले पैसे बाजूला ठेवावेत आणि स्वस्त तिकीट दिसेल तेव्हा काढावं. लोकांना हे उत्तर आवडत नाही, पण विचारणाऱ्या दहापैकी सहा जणांना मी हेच देते.

एका पॉईंटची किंमत किती धरायची?

स्वतः काढायची, जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही. समजा हैदराबाद–बेंगळुरू तिकीट रोख ५,२०० रुपयांना आहे. तेच पॉईंटवर काढलं तर ६,००० पॉईंट आणि वर कर, फी मिळून १,१०० रुपये लागतात. म्हणजे पॉईंटनी तुमचे वाचवले ४,१०० रुपये. त्याला ६,००० ने भागा. एक पॉईंट सुमारे ६८ पैशांना पडला. असं तीन वेगवेगळ्या तारखांना करून बघा, त्यातली एक दिवाळीच्या आठवड्यातली घ्या. तेव्हा रोख तिकीट महाग असतं म्हणून पॉईंट भारी वाटतो, पण पॉईंटवरच्या जागाही तेव्हाच मिळत नाहीत. मी हिशेबाला पन्नास पैसे धरते. त्याहून जास्त मिळाले तर आनंदच.

मिक्सर, घड्याळ, बॅग अशा वस्तूंवर पॉईंट घालवू नका. तिथे पॉईंट सहसा वीस-पंचवीस पैशांवर येतो.

वार्षिक फी असलेलं कार्ड चांगलं की बिनफीचं?

पहिलं कार्ड बिनफीचं, किंवा ठरावीक खर्चावर फी माफ होणारं घ्या. का, ते आकड्यात दाखवते. फी १,५०० रुपये असेल तर जीएसटी धरून १,७७० होते. समजा महिन्याला २०,००० रुपये कार्डाने जातात, म्हणजे वर्षाला २,४०,०००. त्यातल्या पेट्रोल, भाडं, वीजबिल वगैरेवर पॉईंट नाहीत असं धरलं तर उरले दीड लाख. शंभराला दोन पॉईंट मिळाले तर ३,००० पॉईंट, आणि पन्नास पैशांच्या हिशेबाने १,५०० रुपये. म्हणजे वर्षभर जपून वापरलेल्या कार्डाने तुमच्याकडूनच २७० रुपये घेतले. सुरुवातीला मिळणारे बोनस पॉईंट मी यात धरले नाहीत, कारण ते एकदाच मिळतात आणि फी दरवर्षी लागते. आणि फी माफीसाठी म्हणून जादा खर्च करायचा नाही. "दोन लाख पूर्ण करायचेत म्हणून फ्रीज घेतला" असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

कोणत्या खर्चावर पॉईंट मिळत नाहीत?

ही यादी प्रत्येक बँकेची वेगळी असते आणि बदलत राहते, पण काही नावं बहुतेक ठिकाणी असतातच: पेट्रोल-डिझेल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी भरणा, हप्त्यांवरची खरेदी. विमा, वीजबिल, शाळेची फी यांवर एकतर मर्यादा असते किंवा पॉईंट कमी असतात. पेट्रोलवर जो माफ होतो तो एक टक्क्याचा अधिभार, ती पॉईंटची कमाई नाही. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. तिथे बिनव्याजी मुदत मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर फी वेगळी.

आपल्या बाजारपेठेतली एक गोष्ट मुद्दाम सांगते. सराफाकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बिल झाल्यावर ऐकू येतं, "ताई, कार्डानं द्यायचं असेल तर दोन टक्के वरून लागतील." पन्नास हजारांच्या खरेदीवर ते झाले हजार रुपये. शंभराला दोन पॉईंट धरले तरी तुम्हाला मिळणार हजार पॉईंट, म्हणजे पाचशे रुपयांचे. अशा वेळी शांतपणे कार्ड पर्समध्ये ठेवा आणि यूपीआयने द्या.

रुपे क्रेडिट कार्ड फोनमध्ये यूपीआयला जोडता येतं ना? मग किराण्यावरही पॉईंट मिळतील?

जोडता येतं, २०२२ पासून. पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने स्वतःच्या खाजगी खात्याचा क्यूआर लावला असेल तर पैसे जाणार नाहीत, आणि भावाला, मैत्रिणीलाही कार्डातून पैसे पाठवता येत नाहीत. यूपीआयच्या खर्चावर अनेक कार्डं पॉईंट कमी देतात किंवा वरची मर्यादा घालतात. मला यात दुसरीच भीती वाटते. चहा, भाजी, रिक्षा असं दहा-वीस रुपयांनी फोन टेकवत गेलं की महिन्याचा खर्च डोळ्यांसमोर राहत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तरी जोडू नका.

पगाराची स्लिप नाही, दुकान आहे. सिबिलही (कर्ज फेडल्याची नोंद) नाही. कार्ड मिळेल का?

मिळेल. दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र भरलेलं असेल तर अनेक बँका विचार करतात. तेही नसेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड हा चांगला रस्ता आहे. बँकेत वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवायची, तिच्या ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत मर्यादेचं कार्ड मिळतं. ठेवीवर व्याज चालू राहतं. या कार्डांवर विमानाचे पॉईंट जेमतेमच असतात, पण वर्षभर वेळेवर बिल भरलं की सिबिलवर नाव चांगलं उमटतं, आणि मग हवं ते कार्ड मागता येतं.

सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्ज करण्याआधी तो बघाच. जुनं ट्रॅक्टरचं किंवा बचत गटाचं कर्ज फेडूनही बाकी दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते.

तालुक्याच्या गावाला एक अडचण येते: "तुमच्या पिनकोडवर सेवा नाही." म्हणून ऑनलाइन अर्जाऐवजी जिथे तुमचं बचत खातं आहे त्या शाखेत जाऊन विचारा. खातेदाराला तिथे वाट मिळते.

बिलाची तारीख कशी ठरवावी?

पगार किंवा दुकानाची वसुली हातात आल्यानंतर चार-पाच दिवसांनी बिल भरायची शेवटची तारीख येईल अशी. आम्हा शिक्षकांचा पगार एक तारखेला येईलच याचा भरवसा नसतो, त्यामुळे माझी तारीख मी पुढे सरकवून घेतली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मग बचत खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप जाईल अशी सूचना द्या. तिथे दोन पर्याय दिसतात, पूर्ण आणि किमान. बोट कुठे लावताय ते नीट बघा.

एखादा दिवस उशीर झालाच तर: तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही. व्याजाला मात्र ही सूट नाही.

विमानतळावरच्या लाउंजसाठी (बसायच्या-खायच्या खास खोलीसाठी) कार्ड घ्यावं का?

नाही. आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, असे नियम आता अनेक कार्डांना लागले आहेत. घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. कोरडं खाणं सुरक्षा तपासणीत अडवत नाहीत.

उमरा किंवा दुबईला जायचंय, तिथे हे कार्ड वापरू?

परकीय चलनावर बहुतेक कार्डं दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लावतात. एवढे पॉईंट कुठलंही साधं कार्ड देत नाही. अडीअडचणीला जवळ ठेवा, रोजच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, न्या.

"तुमचे पॉईंट आज रात्री संपणार" असा मेसेज आलाय. लिंक उघडू का?

उघडू नका. माझ्या शेजारच्या काकांना अशीच लिंक आली होती. बँकेचंच चिन्ह, ९,८५० पॉईंट, खाली "अ‍ॅप डाउनलोड करा". त्यांनी ते केलं, ओटीपी वाचणारं अ‍ॅप फोनमध्ये बसलं आणि पंधरा मिनिटांत दोन व्यवहार झाले. त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि बँकेत कार्ड बंद करायला लावलं म्हणून पुढचं थांबलं. पॉईंट बघायचे तर बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघा. न मागितलेलं कार्ड घरी आलं आणि "चालू करायला ओटीपी सांगा" असा फोन आला तर सांगू नका. ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्ड देण्याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

कार्ड नको झालं तर?

सगळं बिल भरा, साठलेले पॉईंट आधी वापरा, मग बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा अ‍ॅपमधून द्या आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे ५०० रुपये तुम्हाला देणं बँकेवर बंधनकारक आहे. "मॅडम, फी माफ करतो, ठेवा ना" असा फोन हटकून येतो. फी खरंच माफ झाल्याचं बिलात दिसल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.

पॉईंट साठले. आईचं तिकीट काढायचंय, कसं काढू?

तुमच्या खात्यातल्या पॉईंटवर आईचं तिकीट निघतं. काही योजनांत तिचं नाव आधी जोडून ठेवावं लागतं, ते महिनाभर आधी करा. तारीख मंगळवार-बुधवारची धरली तर जागा मिळायची शक्यता जास्त. लग्नसराई आणि दिवाळी सोडा. तिकीट रद्द केलं तर पॉईंट परत येतात का आणि फी किती, ते पैसे भरायच्या पानावरच वाचा.

आणि नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. माझ्या सासूबाईंच्या आधारवर नावापुढे "बाई" जोडलेलं आहे, पॅनवर नाही, आणि घरात आम्ही त्यांना तिसऱ्याच नावाने ओळखतो. मी सवयीने घरातलं नाव टाकून तिकीट काढलं होतं. निघायच्या आदल्या रात्री यांनी आधार पिशवीत ठेवताना दोन्ही नावं शेजारी धरून बघितली, तेव्हा लक्षात आलं. कस्टमर केअरला चाळीस मिनिटं फोन धरून ते दुरुस्त करून घेतलं. आता मी तिकीट काढताना आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बोलत टाकते, आणि सासूबाई शेजारी बसून "बाई घातलंस का?" म्हणून विचारतात.